चालीचा साचा

कावागुची, १४ जानेवारी

तोकु,

पत्राची सुरुवात हवामानाने करावी ही आपली रीत, म्हणून लिहितो: थंडी आहे. साकातात बर्फ किती साठलं ते तू कळवू नकोस, मला वाचूनच सर्दी होते. फोनवर तुझ्याशी बोलायचं म्हणजे मी बोंबलायचं आणि ऐकायचं माझ्या शेजाऱ्यांनी. इतकी वर्षं चित्रीकरणात तुझ्या कानाशी सुरुंग उडवले, त्याचं हे फळ. माझे कान मात्र अजून मांजराचे आहेत. दोन घरं पलीकडे कुणी माझ्याबद्दल वाईट बोललं तरी मला इथे जेवण जात नाही.

बातमी अशी. आपल्या समुद्री राक्षसाला, इसोगाराला, पडद्यावर येऊन यंदा पन्नास वर्षं होतायत. नोव्हेंबरात मोठा सिनेमा येणार. स्टेशनावर भलंमोठं चित्र लावलंय, खाली ओळ: ‘पन्नाशीचा इसोगारा कात टाकतोय!’ टाकलेली कात कुठे आहे असं कुणी विचारलं तर त्याला माझ्याकडे पाठव. त्याचं सातवं रबरी कातडं माझ्याच कारखान्यात आकड्याला लटकलंय, आणि कोपरांपाशी त्याचे पापुद्रे सुटतायत.

परवा कंपनीचा नवा निर्माता आला होता, निशिकोरी म्हणून. वयाने आपल्या मुलासारखा, बूट इतके स्वच्छ की मला माझी जमीन पुसावीशी वाटली. कातड्याभोवती दोन चकरा मारल्या आणि विचारतो, “ह्याच्या आत कोण असायचं?”

मी म्हटलं, “कुरामोची तोकुझो. पाचव्या कातड्यापासून शेवटच्यापर्यंत तोच.”

“नाही, म्हणजे चालायचं कोण?”

“तोच की साहेब. आत बसून कसं चालणार?”

मग म्हणाला, लोकांना म्हणे इसोगाराच्या चेहऱ्यापेक्षा त्याची चाल आठवते. पाय टाकायच्या आधी ते क्षणभर थांबणं. “आहेत का अजून ते?” मी म्हटलं, आहेत म्हणजे काय! साकाताच्या बंदरात बर्फाच्या कारखान्यात पेट्या उचलतोय. त्याने तुझा पत्ता लिहून घेतला. कशाला, असं विचारलं तर म्हणतो, “पन्नाशी आहे ना,” आणि माझ्या पुढ्यातल्या तांदळाच्या सेनबेई-पापड्यांतली एक उचलून खाल्ली. एवढंच मला ठाऊक. पंधराव्या वर्षी इथल्या भट्टीवर लागलो, साच्यात लोखंड ओतायचो, पुढे रबर ओतायला लागलो. ह्यापलीकडे माझी अक्कल कधी गेली नाही.

फुमिए-वहिनींना नमस्कार.

तुझा,
हाताकेयामा त्सुनेकिची

—

साकाता, २ फेब्रुवारी

त्सुने-दादा,

आलं! कंपनीचं पत्र आलं! जाड कागद, वर इसोगाराचं डोकं छापलेलं. फुमिएने मोठ्याने वाचलं, मला ऐकू आलं नाही. मग मी वाचलं, मग पुन्हा तिने. एक वाक्य जसंच्या तसं उतरवतो: ‘पन्नासाव्या वर्षाच्या चित्रपटासाठी आपला साचा घ्यावा अशी आमची नम्र इच्छा आहे.’

साचा, दादा! आपल्या धंद्यात ह्या शब्दाला दुसरा अर्थ नाही. जो आत शिरणार, त्याचाच साचा घेतात. ज्याला घ्यायचंच नाही त्याच्यावर प्लास्टर कोण वाया घालवील? तू तर मुळीच नाही. आठवतं, मला पहिल्यांदा प्लास्टरात उभं केलंस आणि म्हणालास, “श्वास घेऊ नकोस, बिघडेल.” मी म्हटलं, “किती वेळ?” तर म्हणालास, “विचारतोयस म्हणजे घेतोयस!” सोडवताना छातीवरचं रान साफ झालं. फुमिए म्हणाली, मला दाखवला होता तो नवरा हा नव्हे.

नवं कातडं तुझ्याकडेच असणार हे उघड आहे, आणि जानेवारीत तू काही ठाऊकच नसल्यासारखं लिहितोस! लबाडा.

मी कामाला लागलोय. पहाटे टेकडीवरच्या देवळाच्या पायऱ्या चढतो, पाठीवर तांदळाचं पोतं. गुडघा बोलतो, पण मी बहिरा आहे. बर्फाच्या कारखान्यात सांगून टाकलंय, ह्या महिन्यानंतर दुसरा माणूस बघा. पेट्या उचलून कंबर गेली तर आत उभा कसा राहणार?

दादा, तुला म्हणून सांगतो. बाहेर मला कुणी ओळखत नाही, त्याचं काही नाही. पण गेली बारा-पंधरा वर्षं मीच मला ओळखेनासा झालोय. पेट्या उचलतो, घरी येतो, झोपतो. एकदाच, एकदाच पुन्हा आत जायचंय. मग सोडलं तरी चालेल.

तोकुझो

—

कावागुची, २० फेब्रुवारी

तोकु,

तुझं पत्र दोनदा वाचलं. पहिल्यांदा हसू आलं, दुसऱ्यांदा आलं नाही.

हे बघ. तुझा साचा घ्यायचा तर प्लास्टर कुणाचं? माझं. मला अजून कुणी एक पोतंही भिजवायला सांगितलेलं नाही. नोव्हेंबरचा सिनेमा म्हटल्यावर एव्हाना निदान डोकं तरी मातीत घडायला लागायला हवं होतं. इथे मी मालिकेतल्या कुठल्याशा खेकड्याचे डोळे रंगवतोय. मी लबाडी करत नाहीये. कामच आलेलं नाही.

मी चौकशी करतो. तोवर नोकरी सोडू नकोस. अंगावर कातडं चढेपर्यंत शेपूट हलवू नये. आणि ते पोतं खाली ठेव, तांदूळ खायचे असतात.

त्सुने

—

साकाता, ८ मार्च

दादा,

तांदूळ खाल्ले. आता पोत्यात वाळू भरलीय.

तुझं पत्र फुमिए पुन्हा पुन्हा वाचत बसली, मी मात्र समजलो. काम दुसऱ्या कारखान्याला गेलंय. तुझ्या हाताखाली शिकून गेलेल्या पोरांपैकीच कुणाला तरी दिलं असेल, कमी भावात. तुला ते लागणं साहजिक आहे. पण म्हणून माझ्या ताटात माती का कालवतोस? चार ओळींत एकदासुद्धा ‘बरं झालं तोकु’ असं लिहिलं नाहीस.

नोकरी सोडली. निरोपाला हातमोज्यांचा जोड दिला त्यांनी. आता हे घालून मी काय धरू?

जुलैत बोलावलंय. त्या दिवशी कावागुचीला येणार होतो, पण तुझी इच्छा नसेल तर नाही येणार.

तोकुझो

—

कावागुची, १७ एप्रिल

तोकु,

बरं झालं तोकु. घे, लिहिलं. रागावलास तेही बरं झालं. आतला वाघ जिवंत आहे म्हणायचा.

मी स्वतः कंपनीत जाऊन आलो. काम कुठल्याच कारखान्याला गेलेलं नाही. तुझा साचा प्लास्टरचा नाहीच. एक मोठी खोली आहे, भिंतीभर कॅमेरे. तुला घट्ट काळे कपडे देतील, त्यावर जागोजागी पांढरे ठिपके. तू चालायचंस आणि यंत्र तुझ्या चालीचा साचा घेणार. अंगाचा नव्हे, चालीचा.

रबराचं नाव कुणी काढलं नाही. तोकु, नीट वाच. रबराचं नाव कुणी काढलं नाही.

इथे चेरीचा बहर झडून गेला. गटारं गुलाबी झालीयत.

त्सुने

—

साकाता, ३ मे

दादा,

मागच्या पत्राबद्दल माफ कर. माझी जीभ पहिल्यापासून लांब, आत असताना दोरीने हलवायची सवय होती ना.

तू लिहिलंस ते वाचलं आणि मनावरचं ओझं उतरलं. कॅमेऱ्याने माप घेतात तर! ठिपके म्हणजे शिंप्याच्या खडूच्या खुणाच की. पूर्वी तू अंगाचा साचा घ्यायचास, मग आत शिरून चालायला गेलं की मांडीत रबर काचायचं आणि तू सुरी घेऊन माझ्या मागे धावायचास. आता हे शहाणे आधी चालच मोजतात. म्हणजे कातडं पहिल्या दिवसापासून चालीला बसेल. रबर नसेल तर काहीतरी हलकं निघालं असेल नवं. मी तर म्हणतो देव पावला, ह्या वयात जुनं वजन झेपलं नसतं.

आता मी पायऱ्या मोजत नाही, नुसता चालतो. बंदराच्या धक्क्यावर, कुणी नसताना. पाय उचलायचा, थांबायचं, मग टाकायचा. सगळं अंगात तसंच आहे रे.

तोकुझो

[त्याच पाकिटात, वेगळ्या कागदावर]

भावोजी,

पाकीट टपालात टाकायला माझ्याकडे दिलंय, म्हणून चार ओळी आत सरकवते. तुम्ही ‘नीट वाच’ लिहिलंत, ते मी नीट वाचलं. आत कुणीच नसणार, असंच ना?

ह्यांना सांगू नका. हे आता रात्रभर झोपतात. जेवताना बोलतात. काल भाजी खारट झाली म्हणून भांडले, किती वर्षांनी भांडले! कुणीतरी सांगेलच त्यांना. ते आपण नको.

फुमिए

—

कावागुची, १२ मे

वहिनी,

हे पत्र तुमच्या बहिणीच्या पत्त्यावर पाठवतोय.

तसंच आहे. कंपनीच्या जिन्यात चहाच्या यंत्राशी मी उभा होतो, वरच्या मजल्यावर निशिकोरी कुणाशी तरी बोलत होता. माझे कान तुम्हाला ठाऊक आहेत. म्हणाला, “म्हातारेबुवांची चाल एकदा मिळाली की आत माणूस लागणारच नाही. कधीच नाही.” आवाजात काही दुष्टपणा नव्हता. पाऊस थांबला असं सांगावं तसं सांगत होता.

तुम्ही म्हणता तसं गप्प बसतो. पण ते बरोबर आहे असं मला वाटत नाही, एवढं लिहून ठेवतो.

त्सुनेकिची

—

कावागुची, १० जून

तोकु,

पावसाळा लागला. रबर सुकत नाही, मी सुकत चाललोय. खेकडा पार पडला. प्रेक्षकांना आवडला म्हणे, म्हणजे पुढच्या भागात त्याचा भाऊ येणार.

जुलैत येशील तेव्हा दोन गोष्टी ध्यानात ठेव. मीठ-पाणी पीत राहा. आणि ते मागतील ते सगळं देऊन बसू नकोस. एखादी चाल आपल्याजवळ ठेव.

त्सुने

—

साकाता, २२ जुलै

दादा,

जाऊन आलो. कावागुचीला उतरलो नाही. गाडी तुझ्या गावावरून गेली तेव्हा मी खिडकीकडे पाठ करून बसलो होतो.

सगळं सांगतो. खोलीत शिरल्यावर मी पहिल्यांदा आकडा शोधला, कातडं टांगायचा. भिंतीवर नुसते कॅमेरे. आसाहिना नावाची पोरगी होती, यंत्रावर बसणारी. गोड पोरगी. मला ऐकू येत नाही हे कळल्यावर पाटीवर लिहून दाखवायची. मी विचारलं, कातडं कुठाय? तिने लिहिलं, ‘नाही, आजोबा! तुम्हीच!’ आणि हसली. मीही हसलो. वाटलं, आधी माप, मग कातडं.

मग चाललो. चाल, वळ, समुद्रातून वर ये, इमारतीवर पड, उठ. शेपटीचा भार नव्हता, तरी कंबर आपोआप मागे भार धरत होती. तिथली पोरं कामं टाकून बघायला आली. एकाच्या डोळ्यांत पाणी होतं, लहानपणापासूनचा भक्त म्हणे. दादा, मला चढली. त्यांनी एक मागितलं की मी दोन दिलं. दमलेला इसोगारा हवाय म्हणाले. मी आजवर कधी न केलेली चाल काढली, माझ्या वडिलांची. थंडीत ओली जाळी खांद्यावर घेऊन ते धक्क्यावरच्या दगडांवरून घरी यायचे, तशी. आसाहिनाने लिहिलं, ‘ही सगळ्यांत छान!’ मग मरणं मागितलं. तेही दिलं.

शेवटी तिने पडद्यावर दाखवलं. करड्या मातीचा एक माणूस, तोंड नाही, डोळे नाहीत, आणि चालत होता मी. इतकी वर्षं ती चाल मी आतूनच बघितलेली. बाहेरून पहिल्यांदाच दिसली. मी टाळ्या वाजवल्या. त्यात उजवा गुडघा जरासा लंगडत होता. तिने लिहिलं, ‘ते आम्ही पुसू.’ एक बटण दाबलं आणि लंगडणं गेलं. देवळात नवस करून जे झालं नाही ते!

सहीचा शिक्का आणला होता, कागदांवर उमटवला. मग विचारलं, चित्रीकरणाला कधी येऊ? तिने पाटीवर लिहिलं, पुसलं, पुन्हा लिहिलं. ‘झालं, आजोबा. आता तुम्हाला यायचे कष्ट नाहीत.’

कपडे बदलायच्या खोलीत ते काळे कपडे काढताना तुझं वाक्य आठवलं. ‘एखादी चाल आपल्याजवळ ठेव.’ तुला ठाऊक होतं. फुमिएलाही होतं, तिच्या तोंडावरच दिसतंय. मी एकटाच पायऱ्या चढत होतो.

वडिलांची तरी ठेवायला हवी होती, दादा.

तोकुझो

—

कावागुची, १५ ऑगस्ट

तोकु,

पितरांचे दिवस आहेत, कारखाना बंद आहे, पंख्यासमोर बसून लिहितोय. ठाऊक होतं. एप्रिलपासून. तुला हवं ते म्हण, आज मी उलट बोलणार नाही.

माझंही ऐक. गेल्या आठवड्यात निशिकोरीची माणसं आली आणि सातव्या कातड्याचे सगळीकडून फोटो काढून गेली, खवल्या-खवल्यांचे. जाताना म्हणाले, “आता ह्याची आम्हाला गरज नाही. टाकलंत तरी चालेल.” मी विचारलं, मग मी घेऊ? “घ्या की!” म्हणाले, आणि तसं लिहूनही दिलं.

म्हणजे कातडं माझं झालं. आणि त्याच्या आत शिरेल असा माणूस जगात एकच आहे. साच्याचं कारणच ते.

तुमच्या बंदरावर जानेवारीत कॉड माशाची जत्रा भरते ना, आमटीचे मोठे हंडे चढवतात ती? मी कातड्याची डागडुजी करून मालगाडीने पाठवतो. तू आत शीर आणि धक्क्यावरून चाल. कॅमेरे नकोत, कंपनी नको. आमटी पिणाऱ्या लोकांसमोर. ‘एकदाच’ म्हणाला होतास ना?

त्सुने

—

साकाता, ९ सप्टेंबर

दादा,

तुझं पत्र तीन आठवडे तसंच पडू दिलं. रागावलो होतो. अजून आहे. पण वाळूचं पोतं पुन्हा बाहेर काढलंय, ह्यावरून काय ते समज.

जत्रेच्या मंडळात विचारलं. तिथले सगळे लहानपणी इसोगारा बघून मोठे झालेले. अध्यक्ष तर खुर्चीवरून उठले. “म्हणजे ते तुम्ही? बर्फवाले कुरामोची?” हाच माणूस वर्षानुवर्षं माझ्या हातची पेटी घेऊन जायचा. म्हणाले, पत्रकं छापू, जिल्हाभर लावू: ‘खऱ्या इसोगाराची खरी चाल, आपल्या धक्क्यावर!’

फुमिए आतून लावायला अस्तर शिवतेय. तिच्याशीही बोलतो आता.

तोकुझो

—

कावागुची, २६ नोव्हेंबर

तोकु,

निशिकोरी आला होता. मिठाईची पेटी घेऊन, दारातच कमरेत वाकला. मिठाई घेऊन येणाऱ्या माणसाला मी आयुष्यभर घाबरत आलोय. रिकाम्या हाताचा माणूस फार तर शिव्या देतो.

तुमची पत्रकं कुणीतरी कंपनीला पाठवली. तू शिक्का मारलेल्या कागदात असं आहे की ती चाल आता कंपनीची. इसोगाराच्या रूपात ती चाल लोकांसमोर चालायची नाही. तूही नाही. मी म्हटलं, अहो, पाय त्याचे आहेत! तर म्हणाला, “पायांबद्दल आमचं काहीच म्हणणं नाही.” कातडं मी दाखवू शकतो, तू आत उभाही राहू शकतोस, त्याला त्यांची आनंदाने परवानगी. “फक्त चालू नका. किंवा दुसऱ्या कुठल्या तरी चालीने चाला.” नाही ऐकलं तर भरपाई, तुझ्याकडून आणि कातडं पुरवलं म्हणून माझ्याकडून. माझ्याकडे कारखान्याशिवाय काय आहे ते तुला ठाऊक आहे.

मी वकिलाला विचारलं. त्याने चष्मा काढून पुसला. तेव्हाच कळलं.

पण तोकु, माझ्याकडे बघू नकोस. सत्तरीला आलो, कारखाना किती दिवस चालवणार? तुला चालायचं असेल तर चाल.

सिनेमा बघितलास का? मी नाही बघितला.

त्सुने

—

साकाता, २० डिसेंबर

दादा,

बघितला. थिएटर भरलेलं होतं. इसोगारा सुरेख चालतो, न लंगडता. शेवटी जखमी होऊन समुद्राकडे परत जातो तेव्हा त्यांनी ती चाल लावलीय. वडील चालले होते, दादा. माझ्या शेजारची बाई रडत होती. मी तिला काय सांगणार? सगळ्यात शेवटी नावं आली. माझं नाव आभारांच्या यादीत होतं, जेवणाचे डबे पुरवणाऱ्या दुकानाच्या खाली.

तुझा कारखाना मी घालवणार नाही. तो विषय संपला.

दुसऱ्या चालीचं म्हणशील तर महिनाभर खटपट करतोय. स्वयंपाकघरात फुमिए ओट्याशी बसते आणि मी दारापासून खिडकीपर्यंत चालतो. ती मान हलवते: तीच आहे. भरभर चाललो, तीच. पाय आत वळवून चाललो, तीच. पाठीवर रजया बांधून कातड्याएवढं वजन केलं, मग तर अगदीच तीच. आत गेल्यावर मला दुसरी चाल येतच नाही. कधी शिकलोच नव्हतो.

कातडं पाठव. गावातल्या मुलांना सांगून झालंय.

तोकुझो

—

साकाता, २८ जानेवारी

दादा,

कंबर धरल्यामुळे तू आला नाहीस, चांगलं झालं. वारा असा होता की आमटी वाडग्यातून उडत होती. तू येऊन काय बघितलं असतंस ते सांगतो.

कोपरं छान सांधली आहेस. आत शिरलो तेव्हा तोच वास आला, जुन्या रबराचा आणि माझ्याच घामाचा. फुमिएने पाठीची चेन लावली आणि बाहेरचं जग बंद झालं. दादा, मला इतकं बरं वाटलं की त्याची भीती वाटली. सगळं आपापल्या जागी होतं. खांदे, मांड्या, शेपटीचा ओढा. पाय म्हणाला, चल.

मासळीबाजाराच्या मोठ्या कनातीमागे मला तयार केलं होतं. कनात बाजूला झाली, तर समोर अख्खा धक्का माणसांनी भरलेला. मुलं पुढे बसवली होती, पिवळ्या टोप्यांत. उजव्या बाजूला कंपनीचा माणूस उभा होता, हातात आमटीचा वाडगा. फार नम्र. सगळ्यांना वाकून नमस्कार करत होता.

मी उभा राहिलो.

हात हलवले. मान वळवली. जबडा उघडला, मोठ्याने गर्जना लावली होती त्यांनी. मला ती छातीत जाणवली. मुलं किंचाळली, मागे सरकली. किती छान किंचाळली! मग पुन्हा पुढे सरकली आणि माझ्या पायांकडे बघत राहिली. वाट बघत होती.

मानेच्या भोकातून मला पहिली रांगच दिसत होती. तिथे एक मुलगी होती, दात पडलेली. तिचे ओठ मला सहज वाचता आले. म्हणाली, “हा खरा नाही.”

तिची आजी तिला काहीतरी म्हणाली.

“नाही, आजी. खरा चालतो. आपण थिएटरात बघितला ना, तो खरा.”

आजीने माझ्याकडे बघून, अगदी अदबीने, मान तुकवली. पोरीच्या वतीने माफी मागावी तशी.

आणखी थोडा वेळ उभा होतो. मुलं एकेक करून आमटीच्या हंड्यांकडे गेली. मग प्रश्न पडला की मला परत कसं न्यायचं. कनातीपर्यंत पाच-सात पावलं असतील, पण कंपनीचा तो माणूस होताच, आणि माझ्यात एकच चाल आहे. मंडळींनी डोकी एकत्र केली. शेवटी मासळीच्या पेट्या उचलायची गाडी आणली, तिच्या लोखंडी सुळ्यांवर फळी टाकली, आणि मला उभ्याउभ्या उचलून हवेत घेतलं. शेपटी खाली लोंबत होती. तसं मला धक्क्यावरून आत नेलं.

तेव्हा मात्र मुलं धावत परत आली, दादा. टाळ्या वाजवत वाजवत गाडीच्या मागून पळत होती. सगळ्यांना ते फार आवडलं. पुढच्या वर्षीही असंच करूया, असं मंडळ म्हणतंय.

तोकुझो